विश्लेषण : कारची नियमित सर्व्हिसिंग टाळणे महागात का पडते?

गणपतीला किंवा दिवाळीत गावी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी कार धुतली जाते, टाकी फुल्ल होते, पंक्चरवाल्याकडे चारही चाकांत हवा भरली जाते. बॉनेट उघडून आत डोकावणारे त्या मानाने थोडे. ‘गाडी चालतेय ना, मग झालं’ हा त्यामागचा हिशेब. अडचण अशी की ब्रेक ऑइल, टायर, कूलंट यांची झीज सुरू असताना गाडी नेहमीसारखीच चालत असते. बिघाड कळतो तो घाटाच्या उतारावर, द्रुतगती मार्गावर किंवा भर पावसात. त्यातच खासगी कारची यांत्रिक तपासणी करून घेण्याची सक्ती आपल्याकडे तब्बल १५ वर्षे नसते. या काळात गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी मालकावरच असते. नियमित सर्व्हिसिंगमध्ये नेमके काय पाहिले जाते, ते कधी करावे आणि बिलातला कोणता खर्च टाळता येतो, याविषयी…

खासगी कारची तपासणी कोण करते?

नव्या खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. या काळात तिचे ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन वा टायर कोणत्या अवस्थेत आहेत, हे ठरावीक मुदतीने तपासून घेण्याचे बंधन मालकावर नाही. १५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना ती तपासणीसाठी न्यावी लागते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. टॅक्सी, बस, ट्रकचे तसे नाही. व्यावसायिक वाहनांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

इतर काही देशांत खासगी कारलाही ही सूट मिळत नाही. ब्रिटनमध्ये कार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची चाचणी होते. जर्मनी आणि जपानमध्ये नव्या कारची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी असते. ब्रेक किंवा टायर निकषात बसले नाहीत, तर गाडीला प्रमाणपत्र मिळत नाही.

आपल्याकडे अनेकांना पीयूसी प्रमाणपत्र म्हणजे गाडी ठणठणीत असल्याचा दाखला वाटतो. प्रत्यक्षात पीयूसी केंद्रावर फक्त धुरातील प्रदूषकांचे प्रमाण मोजले जाते. ब्रेक निकामी झालेली, टायर गोटा झालेली कारही पीयूसीत उत्तीर्ण होऊ शकते.

बिघाड माहीत नव्हता, असे सांगून सुटता येते का?

नेहमी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार, ज्या दोषामुळे वाहन इतरांसाठी धोकादायक ठरते, तो दोष चालकाला माहीत असेल किंवा सामान्य काळजी घेतली असती तर लक्षात आला असता, तरीही ते रस्त्यावर चालवले किंवा दुसऱ्याला चालवायला दिले, तर तो गुन्हा ठरतो. अशा दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. ‘सामान्य काळजी’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. टायरची नक्षी झिजली आहे, हे पाहायला मेकॅनिक लागत नाही.

सर्व्हिसिंग किलोमीटरवर करायचे की महिन्यांवर?

दोन्हींपैकी जे आधी येईल त्यावर. नव्या कारला सुरुवातीच्या काही सर्व्हिसिंग मोफत असतात. अर्थात त्यात मजुरी मोफत असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे बहुधा द्यावे लागतात. त्यानंतर बहुतेक पेट्रोल कारसाठी दर १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असे अंतर असते. नेमके वेळापत्रक गाडीसोबत मिळालेल्या मालक पुस्तिकेत दिलेले असते. ही पुस्तिका बहुतेक घरांत डॅशबोर्डच्या कप्प्यात न उघडताच पडून राहते.

एखाद्याचे कार्यालय घरापासून सहा किलोमीटरवर असेल आणि तो वर्षातले अडीचशे दिवस कारने ये-जा करत असेल, तर वर्षाला फक्त ३,००० किलोमीटर होतात. ‘अजून दहा हजार झाले नाहीत’ म्हणून तो तीन वर्षे थांबला, तर गाडीचे नुकसान होते. कारण छोट्या अंतरात इंजिन पुरेसे तापतच नाही. इंधन जळताना तयार होणारी वाफ आणि थोडे न जळलेले इंधन ऑइलमध्ये मिसळते. लांबच्या प्रवासात ते उष्णतेने उडून जाते, छोट्या फेऱ्यांत साचत राहते.

वाहतूक कोंडीचेही तसेच आहे. मुंबई-पुण्यात सिग्नलवर आणि पुलांवर गाडी उभी असते तेव्हा इंजिन सुरू असते, मात्र किलोमीटरचा काटा हलत नाही. त्यामुळेच अनेक पुस्तिकांत सतत धूळ, कोंडी, घाट किंवा छोट्या फेऱ्या असा ‘तीव्र वापर’ असलेल्या गाड्यांसाठी वेगळा तक्ता असतो आणि त्यात ऑइल व फिल्टर लवकर बदलायला सांगितलेले असते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या याच तक्त्यात बसतात.

इंजिन ऑइल बदलण्याची गरज काय?

इंजिनाच्या आत धातूचे भाग मिनिटाला हजारो वेळा एकमेकांवरून सरकत असतात. त्यांच्यामध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो. हे ऑइल घर्षण कमी करते, इंजिनातील काही उष्णता वाहून नेते, काजळी आणि धातूचे कण आपल्यात धरून ठेवते आणि आतले भाग गंजू देत नाही. त्यासाठी त्यात मिसळलेली रसायने वापराने संपत जातात. मग ऑइल दाट होऊन त्याचा गाळ बनतो, ऑइल जाणाऱ्या बारीक वाटा तुंबतात आणि धातू धातूवर घासू लागतो. काही हजार रुपयांचे ऑइल-फिल्टर वाचवण्याच्या नादात इंजिन उघडण्याची वेळ येते, तेव्हा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

ऑइलबाबत दोन गैरसमज रूढ आहेत. पहिला, काळे झालेले ऑइल खराबच असते. ऑइल काजळी धरून ठेवते, म्हणून ते काळे होते. डिझेल इंजिनात तर ते काही दिवसांतच काळे पडते. त्यामुळे रंगावरून नव्हे, वेळापत्रकावरून ऑइल बदलावे. मात्र ते दुधाळ, चहासारखे दिसू लागले तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी तातडीने मेकॅनिकला दाखवावी.

दुसरा गैरसमज, घट्ट ऑइल म्हणजे चांगले ऑइल. आधुनिक पेट्रोल इंजिने ‘०डब्ल्यू-२०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ अशा पातळ ऑइलसाठी बनवलेली असतात. थंड इंजिन सुरू होताना पातळ ऑइल वरपर्यंत लवकर पोहोचते. म्हणून पुस्तिकेत जो दर्जा दिला आहे, तोच वापरावा.

ब्रेक घाटातच दगा का देतात?

ब्रेक दाबला की गाडीच्या गतीचे रूपांतर उष्णतेत होते. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरील महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी जवळपास बाराशे मीटर खाली येते. माणसे आणि सामानासह तिचे वजन दीड टन धरले, तर या उतरणीत मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ५० लिटर पाण्याला उकळी फोडण्याइतकी असते. त्यातला काही भाग टायरचे घर्षण, हवेचा विरोध आणि इंजिन शोषून घेते. उरलेली सगळी उष्णता ब्रेकवर येते.

पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचवण्याचे काम ब्रेक ऑइल करते. हा द्रव हवेतले बाष्प शोषून घेतो. कोकणासारख्या दमट हवेत त्याला निमित्तही भरपूर मिळते. पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ‘डॉट ४’ प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी शोषलेल्या अवस्थेत ही किमान मर्यादा १५५ अंश आहे. ‘डॉट ३’साठी हेच आकडे २०५ आणि १४० अंश आहेत. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवले आणि जुने ऑइल उकळले, तर नळ्यांत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. त्यामुळे पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही.

सपाट रस्त्यावर हेच जुने ऑइल काहीही तक्रार करत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायला सांगतात. ‘टॉप-अप केले’ म्हणजे बदलले असे नव्हे. ब्रेक ऑइलची पातळी घटली असेल, तर ब्रेक पॅड झिजले आहेत किंवा कुठे तरी गळती आहे, असा त्याचा अर्थ होतो. नुसते वरून ऑइल टाकून तो दोष झाकला जातो.

यासोबत चालवण्याची सवयही महत्त्वाची. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे इंजिनच गाडीचा वेग धरून ठेवते. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय सगळा भार ब्रेकवर टाकते. शिवाय तिने पेट्रोलही वाचत नाही. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की उतारावर इंधनाचा पुरवठा जवळपास बंदच होतो.

टायर का फुटतात?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. या वेगाने कार सेकंदाला ३३ मीटर पुढे जाते आणि तिचे चाक मिनिटाला हजारेक फेरे घेते. टायरमध्ये हवा कमी असेल, तर प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजूची भिंत वाकते आणि सरळ होते. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते. तासन् तास असे चालल्यावर रबर आणि आतले धागे सुटू लागतात आणि टायर फुटतो. उन्हाळ्याचा तापलेला काँक्रीटचा रस्ता आणि गाडीतले जादा सामान त्यात भर घालतात. महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे परिवहन विभागाला प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणीची मोहीम हाती घ्यावी लागली होती.

‘उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून कमी भरावी’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो घातक आहे. कंपनीने दिलेला हवेचा दाब थंड टायरसाठी असतो आणि चालताना होणारी वाढ त्यात गृहीत धरलेली असते. हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो. पूर्ण प्रवासी आणि सामान असेल तर किती हवा भरावी, हेही बऱ्याच स्टिकरवर लिहिलेले असते. दाब सकाळी, गाडी चालवण्याआधी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आतच मोजावा. नायट्रोजन भरला नाही म्हणून काळजी करण्याचे कारण नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नियमित दाब तपासणे अधिक मोलाचे.

पावसात टायरची नक्षी पाणी बाहेर फेकते. ती झिजली की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि गाडी घसरते. नियमानुसार कारच्या टायरच्या खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. त्यासाठी मोजपट्टीची गरज नाही. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग त्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे तो बदलण्याची वेळ टळून चालली आहे.

कमी चाललेल्या गाडीचे टायरही वयाने कडक होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. तिथे ‘२३२२’ असेल, तर तो २०२२ सालच्या २३व्या आठवड्यात बनला आहे. पाच वर्षे उलटल्यावर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवून घ्यावा. जुनी गाडी विकत घेतानाही हे चार आकडे आधी पाहावेत. आणि या सगळ्यात स्टेपनी विसरू नये.

अलाइनमेंट-बॅलन्सिंग, कूलंट, बॅटरी कधी पाहावी?

खड्ड्यांतून आदळून चाकांचे कोन बिघडतात. मग सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकाच कडेने झिजतो. ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरत असेल, तर बॅलन्सिंग करून घ्यावे. पावसाळा संपल्यावर एकदा ही तपासणी केलेली बरी. पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल साधारण दर १०,००० किलोमीटरला केली, तर चारही सारखे झिजतात.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. त्यातील रसायनांमुळे ते उशिरा उकळते आणि आतल्या ॲल्युमिनियमच्या भागांना गंज लागत नाही. नळाचे किंवा बोअरचे पाणी ओतले, तर क्षार साचून रेडिएटर तुंबतो. तापमानाचा काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. आतला द्रव दाबाखाली असतो आणि तो उसळून चेहरा व हात भाजतात.

बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. सकाळी स्टार्टर जड फिरू लागणे ही तिची पहिली सूचना. पावसाळ्याआधी वायपरचे रबर बदलावे. एसीचा फिल्टर धुळीने भरला की हवेचा झोत कमी होतो आणि पावसात काचेवरचे धुके लवकर हटत नाही.

काही इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो. तो बाहेरून दिसत नाही आणि तुटेपर्यंत सहसा आवाजही करत नाही. तुटला, तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. म्हणून आपल्या गाडीत बेल्ट आहे की साखळी आणि बेल्ट असल्यास तो किती किलोमीटरला बदलायचा, हे पुस्तिकेत पाहून ठेवावे.

नव्या गाड्यांना देखभाल कमी लागते का?

वेगळी लागते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे डिझेल कारमध्ये धुरातली काजळी पकडणारा फिल्टर आला. साठलेली काजळी जाळायला त्याला काही काळ सलग, वेगात गाडी चालावी लागते. फक्त गल्लीबोळात फिरणाऱ्या डिझेल कारमध्ये तो तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केले, तर फिल्टर बदलण्याचा खर्च मोठा असतो. या गाड्यांना कमी राख देणारे विशिष्ट इंजिन ऑइलच लागते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. एप्रिल २०२३ आधीच्या अनेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. अशा काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. हे काम स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होते, असेही मंत्रालयाने स्पष्ट केले. जुन्या कारच्या मालकांनी इंधनाच्या नळ्या तपासून घ्याव्यात आणि पेट्रोलचा वास येत असेल तर तो अंगावर काढू नये.

इलेक्ट्रिक कारला इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट नसतो. पण ब्रेक ऑइल, टायर, सस्पेन्शन, एसीचा फिल्टर आणि बहुतेक गाड्यांत बॅटरीसाठी कूलंट असतेच. बॅटरीच्या वजनामुळे आणि मोटरच्या जोरामुळे टायर लवकर झिजू शकतात. वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करत असल्याने ब्रेक कमी वापरले जातात. पण कमी वापरामुळे ते गंजण्याची शक्यताही असते.

सर्व्हिसिंगच्या बिलात अनावश्यक काय असते?

वर्कशॉपमध्ये जॉबकार्ड भरताना इंजिन फ्लशिंग, डी-कार्बनायझिंग, टेफ्लॉन कोटिंग, एसी निर्जंतुकीकरण अशी यादी समोर येते. गाडीला काही तक्रार नसेल आणि मालक पुस्तिकेतील वेळापत्रकात त्यांचा उल्लेख नसेल, तर ही कामे ऐच्छिक समजावीत. गोंधळ असा होतो की चकचकीत दिसणाऱ्या कामांवर पैसे खर्च होतात आणि बिल वाढले म्हणून ब्रेक ऑइल ‘पुढच्या वेळी’वर ढकलले जाते.

गाडी देण्याआधी पुस्तिकेतले त्या टप्प्याचे पान मोबाइलवर टिपून न्यावे. जॉबकार्डवर तेवढीच कामे आणि आपली तक्रार स्पष्ट लिहून घ्यावी. अंदाजपत्रक लेखी मागावे, त्याबाहेरचे काम फोन करून विचारल्याशिवाय करू नये असे सांगावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. झिजलेला ब्रेक पॅड हातात घेतला, की तो का बदलला हे वेगळे सांगावे लागत नाही.

बाहेरच्या गॅरेजमध्ये गेल्यास वॉरंटी जाते का?

या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी महत्त्वाचा आदेश दिला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल आयोगाने १४ कार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही बजावले. कंपन्यांनी त्याविरुद्ध अपिले केली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

व्यवहारात मात्र वॉरंटीच्या काळात कंपनीच्या अधिकृत केंद्रात वेळेवर सर्व्हिसिंग केलेले असणे सोयीचे ठरते. वेळापत्रक पाळले नाही, हे कारण पुढे करून दावा अडवला जाऊ शकतो. वॉरंटी संपल्यावर विश्वासू स्वतंत्र मेकॅनिक हा चांगला पर्याय आहे. कुठेही गेले, तरी बिल घ्यावे. ऑइलचा दर्जा, बदललेले भाग, तारीख आणि किलोमीटर त्यावर असावेत. गाडी विकताना हीच फाइल तिची किंमत राखते.

देखभालीचा विम्याशी काय संबंध?

मोटार विम्याच्या प्रमाणित पॉलिसीत मालकाने वाहन सुस्थितीत ठेवण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, अशी अट असते. झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई पॉलिसीत बसत नाही. केवळ टायर फुटला आणि गाडीचे अन्य नुकसान झाले नाही, तर त्या टायरचे पैसे मिळत नाहीत. अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल, तर टायरच्या किमतीच्या ५० टक्के भरपाई मिळते.

पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी गेलेले असेल, तर ते दबत नाही आणि आतले भाग वाकतात. असे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कवच घ्यावे लागते.

घरच्या घरी काय पाहता येते?

महिन्यातून एकदा दहा मिनिटे पुरतात. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. ब्रेक ऑइल आणि कूलंटच्या पारदर्शक टाक्यांवरही किमान-कमाल अशा रेषा असतात. स्टेपनीसह पाचही टायरांतील हवा, टायरची नक्षी आणि बाजूच्या भिंतीवरचे फुगवटे पाहावेत. सर्व दिवे लावून बघावेत. ब्रेक लाइटसाठी घरातल्या कुणाला तरी मागे उभे करावे. रात्रभर गाडी उभी होती त्या जागी फरशीवर डाग आहेत का, हे पाहावे. एसीचे स्वच्छ पाणी ठिबकणे नेहमीचे आहे. तेलकट किंवा रंगीत डाग मात्र गळती दाखवतात.

ब्रेक दाबल्यावर किरकिर, पेडल पूर्वीपेक्षा खोल जाणे, स्टीअरिंग थरथरणे ही लक्षणे दिसली, तर पुढच्या सर्व्हिसिंगची तारीख येण्याची वाट पाहू नये. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला, तर ‘घर जवळच आहे’ असा विचार न करता गाडी लगेच सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावे.

लांबच्या प्रवासाची तपासणी आदल्या दिवशी न करता आठवडाभर आधी करावी, म्हणजे सुटा भाग मागवायला आणि बसवायला वेळ मिळतो. आरटीओत गाडी तपासणीला नेण्याची वेळ १५ वर्षांनी येते. तोवर आंबेनळी, कुंभार्ली किंवा खंडाळ्याचा घाट उतरताना गाडीत बसलेल्यांचा भरवसा असतो तो मालकाने वेळेवर बदललेल्या ब्रेक ऑइलवर आणि त्याने पाहून घेतलेल्या टायरांवर.